नावाडिणीचं भाडं

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला कोण ओळखतं? नाव व्हायचं ते पुढे काउंटरवर बसणाऱ्या मालकाचं. पण आपले चष्मेवाले दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या ब्लॉगवर एक परीक्षण लिहायचे, आणि ते वाचायला सातआठशे माणसं टपून बसलेली असायची. मालकाला याचा पत्ताच नव्हता.

परीक्षण कशाचं, तर टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळांचं. एक पुस्तक, मूठभर फासे आणि चार माणसं एवढं पुरतं. एक जण सूत्रधार होऊन पुस्तकातली गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातले चोर, वैद्य, लढवय्ये होतात आणि कुठे जायचं, कुणाला फसवायचं ते स्वतः ठरवतात. मोठ्या माणसांनी हे काय करायचं, असं कुणी विचारलं की चष्मेवाले हातातली काच उजेडासमोर धरून बघत बसत. वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मात्र एका बाबतीत ते हट्टी होते. खेळल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, आणि पुस्तकात आहे तेवढंच लिहायचं. ब्लॉगच्या माथ्यावर तसं वाक्यच होतं. नऊ वर्षांत दोनशे बारा परीक्षणं झाली, एकातही कुणाला खोटी ओळ सापडली नव्हती.

रविवारी दुपारी जेवणाची भांडी उचलली की त्याच टेबलावर खेळ मांडला जाई. सूत्रधार बायको. खेळाडू म्हणजे चष्मेवाले, शेजारचे पोस्टमन आणि सासूबाई. सासूबाईंनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेली, त्यामुळे खेळातला राक्षससुद्धा त्यांच्यासमोर रांगेत उभा राही.

त्या रविवारी बायकोचा घसा पार बसला होता. गोष्ट नेमकी जमिनीखालच्या नदीपाशी आलेली, नावाडीण बोलणार होती. बायकोने पुस्तक आईच्या हातात दिलं, "आई, एवढं तू वाच," असं कसंबसं घोगरं म्हणाली आणि वाफारा घ्यायला आत गेली. सासूबाईंनी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, खाकरल्या आणि सुरू झाल्या. "पुढे सरका, मध्ये जागा आहे. नाणी नकोत मला. आपल्या माणसाशी बोललेलं एक खोटं सांगायचं, हेच भाडं. खोटं शिळं निघालं तर नाव मधोमध थांबेल, मग बसा वल्ही मारत."

पोस्टमनांनी असं काही खोटं सांगितलं की टेबल गदगदून हसलं. चष्मेवाल्यांनी नावाडिणीचा शब्दन् शब्द वहीत टिपला. खेळ झाल्यावर ते पुस्तक पहिल्यापासून वाचायचे, पण या खेपेला दुसरं पुस्तक येऊन पडलं होतं. घाईघाईत त्यांनी वहीवरूनच परीक्षण लिहिलं, नावाडिणीचं बोलणं अख्खं उतरवलं आणि खाली ठोकून दिलं, "या एका पानासाठी पुस्तक विकत घ्यावं."

महिन्याभराने ब्लॉगला जागा देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. प्रकाशकांची तक्रार होती, की पुस्तकातला पानभर मजकूर परवानगीवाचून छापलाय, हा कॉपीराइटचा भंग आहे. नकाशांचे फोटो टाकले म्हणून दोन तक्रारी आधीच नावावर होत्या. सात दिवसांत परीक्षण काढलं तर तक्रार मिटणार होती. नाही काढलं आणि दावा खोडताही आला नाही, तर ब्लॉग कायमचा बंद. चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आपण किती ओळी घेतल्या ते मोजायला त्यांनी पुस्तक उघडलं. नदी सापडली, नाव सापडली. नावाडिणीबद्दल बारीक अक्षरात एवढंच होतं, की ती भाडं घेते आणि फारसं बोलत नाही.

"पान फाटलंय का गं?" त्यांनी बायकोला विचारलं. बायकोने पुस्तक उलटंसुलटं केलं. सासूबाई मात्र उठून धुतलेलीच कपबशी पुन्हा धुवायला लागल्या.

"आई," बायको म्हणाली, "काय वाचलंस तू त्या दिवशी?"

"दिसेल तर वाचीन ना," सासूबाई नळाकडे बघत म्हणाल्या. "जुन्या चष्म्यातून मुंग्या दिसत होत्या नुसत्या. चारचौघांत सांगू कसं, जावई चष्मे करतो आणि सासू आंधळी? मग दिलं ठोकून."

नव्या चष्म्याचं खरं तर त्या रविवारच्या आधीच तीन आठवडे चाललं होतं. "अजून काचाच आल्या नाहीत हो आई," असं जावई रोज सांगत होता.

चष्मेवाले आधी हसत सुटले. मजकूर प्रकाशकांचा नाहीच म्हटल्यावर तक्रार कसली? मग हसू विरलं. दावा खोडायचा तर जाहीर लिहावं लागणार होतं, की हे पान पुस्तकात नाही. आणि त्याच पानासाठी आपण लोकांना पुस्तक घ्यायला लावलं होतं. माथ्यावरचं ते वाक्य आता कुठल्या तोंडाने ठेवायचं?

"काढून टाक ना गुपचूप," बायको म्हणाली. "कुणाला कळतंय?"

सहा दिवस ते कंपनीचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिले. दुकानात दोन काचा तडकवल्या. सातव्या दिवशी त्यांनी लिहिलं, "नावाडीण पुस्तकात नाही. ती माझ्या सासूबाईंची आहे. मी पुस्तक न तपासता लिहिलं, माझी चूक झाली." ते ब्लॉगवर टाकलं, कंपनीलाही पाठवलं आणि कुणी काय म्हणतंय ते बघायची हिंमत होईना म्हणून भांडी घासत बसले.

दोन दिवसांनी प्रकाशक बाईंचं उत्तर आलं. तक्रार मागे घेतली होती. तक्रारी धाडायचं काम त्यांनी बाहेर दिलं होतं, आणि त्या मंडळींनी पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं. "नावाडिणीचं पान कुठाय म्हणून मला एकोणीस पत्रं आली," बाईंनी लिहिलं होतं. "छपाईत पान गळलं असं समजून मी छापखान्याशी भांडले. नव्या आवृत्तीत तिला घेऊ का?"

"मला काय विचारतात?" चष्मेवाले म्हणाले. "आई, हक्क तुमचा आहे."

सासूबाई पदर सावरून बसल्या. पत्र माझ्या नावाने यावं, पानावर माझं नाव असावं, आणि अक्षर मोठं छापावं, एवढ्या अटी त्यांनी सांगितल्या. तिन्ही मान्य झाल्या.

नवी आवृत्ती आली त्या रविवारी सासूबाईंच्या नाकावर नवा चष्मा होता. पान दोनदा वाचून त्यांनी पोस्टमनांनाही वाचायला लावलं. चष्मेवाले फोन घेऊन फोटो काढायला वाकले, तशी सासूबाईंनी पानावर तळहात ठेवला.

"ब्लॉगवर टाकणार ना? मग परवानगी?"

"द्या की आई."

"भाडं?"

बायको हसायला लागली. चष्मेवाले मात्र हसले नाहीत, त्यांचे कान लाल झाले. फोन खाली ठेवून ते म्हणाले, "तुमच्या काचा दोन दिवसांतच आल्या होत्या. माझ्या खणात पडून होत्या. मी परीक्षणं लिहीत बसलो, आणि तुम्हाला रोज खोटं सांगितलं."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि जावयाकडे नीट बघितलं.

"मी दुकानात फोन केला होता तेव्हाच," त्या म्हणाल्या. पानावरचा हात त्यांनी उचलला. "काढा फोटो. आणि पुढे सरका जरा, पोस्टमनांना बसू दे."