किल्ल्यामागची मेपलची राई

किल्ल्यामागच्या टेकडीवर दोमितीलच्या आईची मेपलची राई होती. आई उत्तर अमेरिकेतल्या ओडावा या आदिवासी जमातीची. आजीनंही याच झाडांना खाचा पाडून रस काढला, साखर केली. हिवाळा सरत आला की दोमितील भूर्जसालीची भांडी घेऊन तिथंच मुक्काम टाकायची. नवरा यासांत फरचा व्यापारी. बीव्हरची कातडी घ्यायची, घोंगड्या विकायच्या. राईशी त्याचा संबंध साखर खाण्यापुरता.

त्या वर्षी किल्ल्यात नवी पलटण आली. जळण हवं, आणि राई सगळ्यात जवळ. दोमितील वर गेली तर बर्फात नुसती बुडखी.

तिनं यासांतला ओढतच कॅप्टनपुढं नेलं. "सांग त्याला, ही झाडं आमची आहेत. यापुढं एकालाही हात लावायचा नाही."

यासांतनं टोपी काढली आणि इंग्रजीत म्हणाला, "साहेब, बायको म्हणते, थंडी फार आहे, शिपायांचे हाल होत असतील. जमलं तर थोडी झाडं राहू द्या."

आधीच्या पलटणीतल्या शिपायांच्या बायकांना साखर विकून दोमितीलला इंग्रजी कळायला लागलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी असं म्हटलं? अरे, तुझी जीभ आहे की पायपुसणं?"

"हळू बोल गं! पलटणीला घोंगड्या मला पुरवायच्यात."

मग तीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलली. कॅप्टननं नीट ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बोट दाखवलं. "बाई, एवढं रान पडलंय. झाडांना काय तोटा?"

"ते देवदार, साहेब. त्यातून साखर निघते?"

तो हसला. खारवलेल्या डुकराच्या मांसाचं एक पिंप तिला देऊ केलं. तिनं त्याला हात लावला नाही. यासांतनं संध्याकाळी ते गुपचूप घरी आणलं.

"खा तूच," ती म्हणाली. त्याच्यासाठी चूल पेटवणं तिनं बंद केलं.

कुऱ्हाडी काही थांबल्या नाहीत. गोठलेलं सरोवर ओलांडून ती भावाकडं गेली. वहिनीनं तिच्या राईतली कडेची म्हातारी झाडं रस काढायला दिली. दिवसभर उकळावं तेव्हा ओंजळभर साखर. वहिनी वाईट नव्हती, पण आपल्या राईत चार बायकांना कामाला लावणारी दोमितील इथं सरपणसुद्धा विचारून घ्यायची.

उन्हाळ्यात ती परतली. एका शिपायाची बायको साखर मागत दारात आली.

"मिळेल, मिळेल," यासांत घाईघाईनं म्हणाला.

"नाही मिळणार," दोमितील म्हणाली. "झाडं तुमच्या चुलीत गेली."

बाई गोंधळली. हिला इंग्रजी कळलं नसावं असं वाटून तिनं मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून पुन्हा साखर मागितली.

दोमितीलनं दार लावून घेतलं.