होडीविना तांडेल

“खाली बस! सावली पडतेय तुझी, खाली बस!”

सौदीतल्या जुबैलच्या उथळ खाडीत, किनाऱ्यापासून चांगले किलोमीटरभर आत, गुडघाभर पाण्यात उभे राहून तांडेल माझ्यावर ओरडत होते. मी नाशिकचा माणूस. पाण्यात उभ्या माणसाला कोणी खाली बस म्हटलं तर आम्ही आधी विचारतो, कशावर? पण त्या आवाजात अशी जरब होती की मी विचारायचं विसरून बसलो. छातीपर्यंत. पँटच्या खिशातला मोबाईलही माझ्याबरोबर बसला, आणि तो काही पुन्हा उठला नाही.

तेवढ्यात वीसेक हातांवर एक चंदेरी शेपटी पाण्याबाहेर आली, उन्हात चमकली आणि परत बुडाली. सुबैती. फुगीर कपाळाचा, चांदीच्या अंगाचा, या किनाऱ्यावरचा सगळ्यात संशयी मासा. तोंड खाली, शेपटी वर करून तो चिखलातले खेकडे उकरत होता. त्या दिवशी स्पर्धा होती ती त्याच्याच लांबीची.

कोकणात तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. आमच्या तांडेलांनी उभ्या जन्मात स्वतःची होडी चालवली नव्हती. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले हे. खरे तांडेल त्यांचे वडील. हे एकविसाव्या वर्षी सौदीला आले आणि नशिबानं नेऊन टाकलं रियाधच्या अल सुलैमध्ये, सुट्या भागांच्या गोदामात. समुद्र चारशे किलोमीटर लांब. पाणी म्हणाल तर कूलरमधलं, त्यालाही भरती नाही. पोरांनी थट्टेनं तांडेल म्हणायला सुरुवात केली. बावीस वर्षांनी कंपनीनं जुबैलला पाठवलं तेव्हा इकाम्याबरोबर, म्हणजे राहण्याच्या परवान्याबरोबर, नावही आलं. असं सांगतात की पहिल्या दिवशी ते खोलीवर न जाता बॅगेसकट समुद्रात चालत गेले. मी तेव्हा तिथे नव्हतो. पण गेली कित्येक वर्षं ही गोष्ट मी अशी सांगतोय, जणू बॅगेचा दुसरा बंद माझ्याच हातात होता.

त्यांची मासेमारी बघून नवखा माणूस म्हणेल, यांचं काहीतरी हरवलंय. शुक्रवारी ओहोटी लागली की लोक काठ्या आवरून घरी जात आणि तांडेल विजार दुमडून निघत. उघड्या पडलेल्या चिखलात तास-दोन तास खाली मान घालून चालायचं. कुठे खेकड्यांची बिळं आहेत, कुठे माशानं उकरलेले ताटाएवढे खळगे आहेत, खळग्याची कड अजून धारदार आहे की गाळानं बुजत आलीय, सगळं बघायचं. मी एकदा विचारलं, मासा नसताना काय बघता? तर म्हणाले, “इंजिनेर, समुद्र बाहेर गेलेला असताना त्याचं घर बघून घ्यावं. घरात असला की तो कोणाला आत घेत नाय.”

पाण्यातून चालायचीही त्यांची रीत होती. पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. चिखलात पाकट लपून बसते, तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा पोटरीत जातो. घासत गेलं की ती आपणहून उठून जाते. मी पहिल्यांदा ही रीत विसरलो तेव्हा एवढी मोठी पाकट उठली की खाडीचं पाणी बोटभर उतरलं. तांडेल म्हणाले, सलाम करून तरी जायचं होतंस.

आता लिमये. आमच्याच कारखान्यातले पुण्याचे इंजिनिअर आणि गेल्या तीन वर्षांचे विजेते. त्यांच्या जाकिटाला बत्तीस खिसे, आणि बोटीवर एवढी यंत्रं की उपग्रह वाट चुकले की त्यांनाच विचारत असावेत. समुद्राच्या तळाचं चित्र त्यांना पडद्यावर दिसायचं. तांडेल आपले बादली, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि दोन गळ घेऊन यायचे. लिमये विचारायचे, “काय तांडेल, कपडे धुवायला आलात?” तांडेल हसायचे. पण त्या वर्षी लिमये जरा पुढे गेले. तांडेल अठ्ठावन्नचे झाले होते, महिन्याभरात कायमचे गावी जायचे होते, कागदावर शिक्काही झाला होता. निरोपाच्या चहाला सगळ्यांसमोर लिमये म्हणाले, “तांडेल गावी निघाले. होडी कुठे बांधून ठेवलीय, कोणी सांगा रे.”

लोक हसले. तांडेलांनीही कप वर केला. परतताना मात्र गाडीत माझ्याकडे न बघता म्हणाले, “बापाला हे नाव समुद्रानं दिलं. मला गोदामातल्या पोरांनी दिलं, मस्करीत. ते तसंच घेऊन बापाच्या कबरीवर कसा जाऊ? जायच्या आधी एकदा कमवायचंय.”

मी त्याच संध्याकाळी आमच्या दोघांची जोडी स्पर्धेत नोंदवली.

आदल्या वर्षीही आम्ही उतरलो होतो आणि असे हरलो होतो की खेकड्यांनी तोंड फिरवलं. कारण चंद्र. तांडेल भरतीची वेळ चांदतारखेवरून काढत, वडिलांनी शिकवलेल्या पाऊणपटीच्या हिशेबानं: तारखेला पाऊणनं गुणलं की तास मिळतात. इथल्या खाडीसाठी त्यांनी त्यात वर्षानुवर्षं दुरुस्त्या केल्या होत्या. ॲपवर विश्वास नव्हता. ॲप बंदराची वेळ सांगतं, खाडीच्या पोटात पाणी कधी पोचतं ते त्याला कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. पण हा सगळा हिशेब बसवलेला होता खोलीतल्या गावच्या कॅलेंडरवर, आणि गावचा चांद इथल्यापेक्षा एक दिवस मागे असतो. ईदही म्हणूनच दोनदा होते. त्या वर्षी गावाहून कॅलेंडर आलं नाही. त्यांनी तारीख सौदीची घेतली, हिशेब गावचा लावला, आणि आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. पाणी कमरेवर, मासे पांगलेले. तांडेल तेवढंच म्हणाले की चंद्राचा काही दोष नाही, तो दोन्हीकडे एकच आहे.

या वर्षी कॅलेंडर तांडेलांच्या बायकोनं, भाभींनी, दोन महिने आधीच पाठवलं होतं.

तर मी छातीभर पाण्यात बसलेला. तांडेलांनी गळाला खेकडा लावला आणि तंगूस भिरकावली. माशाच्या अंगावर नाही, त्याच्या वाटेवर, आदल्या दिवशी पाहून ठेवलेल्या ताज्या खळग्यात. मग काहीच नाही. एवढं काहीच नाही की मला माझ्या मोबाईलच्या शेवटच्या घटका ऐकू आल्या. आणि एकदम तंगूस ताठ झाली. पुढची वीस मिनिटं त्या माशानं तांडेलांना कतारपर्यंत नेऊन आणलं असं मी म्हणतो. ते म्हणत, पन्नास वाव, म्हणजे जेमतेम नव्वद मीटर. तळव्यांना चिरा पडल्या, पण त्यांनी ओढ दिली नाही की सैल सोडलं नाही. शेवटी मासा त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन उभा राहिला. मी पट्टी धरली. बहात्तर सेंटिमीटर. लिमयेंचा आजवरचा सगळ्यात मोठा, एकसष्ट.

“फोटो काढ,” तांडेल म्हणाले.

मी मोबाईल काढला. त्यातून पाणी आलं.

तांडेलांचा फोन किनाऱ्यावर, बुटात, आणि तोही बिनकॅमेऱ्याचा. नियम साधा होता: पट्टीवरचा फोटो, नाहीतर जिवंत मासा अकराच्या आत पंचांसमोर. मेलेला मासा बाद. किलोमीटरभर मासा उचलून नेला तर वाटेतच मरणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं खाडीचं नव्हतं. तांडेलांनी सूर्याकडे पाहिलं, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

“पाणी किनाऱ्यालाच चाललंय,” ते म्हणाले. “आपण त्याच्याबरोबर जाऊ.”

आणि गेलो. भरतीचं पाणी जसं जसं पुढे सरकत होतं तसे तांडेल चालत होते, पाय घासत, तंगूस सैल धरून; आणि शेजारून तो बहात्तर सेंटिमीटरचा सुबैती, बकरी ईदला बाजारातून बकरा आणावा तसा. पाणी थांबलं की आम्ही थांबायचो. मासा दमला की तांडेल त्याच्या पोटाखाली हात धरून तोंड प्रवाहाकडे वळवायचे आणि कोकणीत त्याच्याशी बोलायचे. मी ऐकलेलं सांगतो: गावच्या खाडीची माहिती देत होते. अडीच तास. किनाऱ्यावर लिमये फोटो दाखवून, हात पुसून बसले होते. आधी त्यांनी हाका मारून चेष्टा केली. मग उभे राहिले. मग बत्तीसपैकी कुठल्यातरी खिशातली दुर्बीण काढून डोळ्यांना लावली.

पावणेअकराला पाणी पंचांच्या टेबलाला लागलं, आणि पाण्याबरोबर आम्ही. पंच अबू फहद, याच खाडीवर म्हातारे झालेले गृहस्थ, अंगातला पायघोळ थोब गुडघ्यावर धरून पाण्यात आले, वाकले, माशानं शेपटी मारून त्यांची दाढी भिजवली. जिवंत. बहात्तर. नाव लिहायला त्यांनी वही उघडली. मी म्हटलं, तांडेल लिहा. हे काय, त्यांनी विचारलं.

“नाखुदा,” तांडेल हळूच म्हणाले. इकडे कप्तानाला हाच शब्द.

अबू फहदनी समुद्राकडे पाहिलं. होडी दिसेना. मग त्यांनी त्या चिरलेल्या तळव्यांकडे पाहिलं, टेबलाखालच्या पाण्याकडे पाहिलं आणि सावकाश, मोठ्या अक्षरात नाखुदा लिहिलं. तांडेल त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. लिमये पुढे आले आणि म्हणाले, “अहो तांडेल, ती बादली द्या इकडे, मी घेतो.” एवढंच. पण मी तीन वर्षं ज्या शब्दांची वाट पाहत होतो ते मला तिथेच मिळाले, जिलब्यांच्या डोंगराएवढे गोड. मासा नियमाप्रमाणे सोडून दिला. जाताना त्यानं मागे वळून पाहिलं. कोणी नाही म्हटलं तर म्हणू दे.

तांडेल आता गावी आहेत. मी इथे अजून ओहोटीला खाली मान घालून फिरतो. लोक विचारतात काय हरवलं, मी सांगत नाही.

त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्याकडे जेवण होतं. स्पर्धा जिंकून बाजारातून हमूर मासा विकत आणला होता. तांडेलांच्या फोनवरून मीच भाभींना गावी फोन लावला आणि सगळं वर्णन केलं: बहात्तरचे मी एकशे बहात्तर केले, लिमयेंना रडवलं, अबू फहदना तांडेलांच्या गळ्यात पाडलं. भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मासा कुठेय. मी म्हटलं, सोडला, तसा नियमच होता. पलीकडे थोडा वेळ कोंबड्या ऐकू आल्या.

मग भाभी म्हणाल्या, “तिथं सोडलानी ते ठीक. इथं सोडलानी तर मी घरात घेणार नाय.”