तिच्यासाठी केलेली अंबाडी

ऑपरेशननंतर माझ्या मैत्रिणीच्या तोंडाची चवच गेली. महिनाभर मऊ खिचडीवर काढल्यावर एका सकाळी तिचा फोन आला. "तुझ्या आईसारखी अंबाडीची भाजी खावीशी वाटते गं. करशील?"

आम्ही दोघी नारायणगुड्याच्या मराठी शाळेत पहिलीपासून एका बाकावर. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान, शहरातच हिमायतनगरला स्वतःचं घर, गावाकडे शेती. माझे वडील कचेरीत शिपाई. चिक्कडपल्लीत दोन खोल्या भाड्यानं. आम्ही बौद्ध, ते गावचे पाटील. पण त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. शनिवारी शाळा लवकर सुटली की ती आमच्याकडं यायची आणि पोटभर जेवायची. आई विचारायची, "घरी सांगून आलीस ना बाळा?" ती भाकरी मोडता मोडता मान हलवायची.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. ही भाजी मी तिच्याकडून शिकले नव्हते. बँकेत लागल्यावर डब्यात अंबाडी न्यायची मला लाजच वाटायची, मग शिकणार कशाला?

बाजारात भाजीवाली म्हणाली, "लाल दांडी की लेव अम्मा, खट्टी रहती." मी लाल दांडीची घेतली. पहिल्या दिवशी भाजी इतकी आंबट झाली की नवऱ्यानं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी बुळबुळीत झाली. शेवटी नांदेडकडच्या मामीला फोन लावला.

"पाला उकडून पिळलास का?" मामीनं विचारलं.

"नाही."

"मग आंबटच होणार. पाणी काढून टाक. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजव, रवीनं घोट. वरून लसणाची फोडणी. तेलाला हात आखडू नको, तुझी आई आखडायची नाही."

कण्या कुठं मिळेनात. ज्वारी मिक्सरमध्ये भरडली, पीठ चाळून काढलं. तिसऱ्या दिवशी फोडणी पडली आणि तो वास आला. गॅस बंद करून मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मग चार भाकऱ्या थापल्या, डबा बांधला आणि ऑटोनं तिच्याकडं गेले.

तिची मोठी जाऊ गावाहून आली होती. मी डबा उघडला. मैत्रिणीनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरले. "अगदी तीच," ती हळूच म्हणाली. माझंही मन भरून आलं.

तेवढ्यात जाऊबाई आतून आल्या. "काय वास सुटलाय! कुणी केली भाजी?"

मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं नाही. "खालच्या कोपऱ्यावर मेस आहे ना जाऊबाई, तिथली. हिला येताना आणायला सांगितली होती."

जाऊबाईंनी ताटली घेतली, दोनदा वाढून घेतली. "मेसवाली बाई आपल्याकडचीच दिसते," म्हणाल्या. मैत्रीण खाली मान घालून जेवत राहिली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पाणी प्यायले आणि रिकामा डबा घेऊन निघाले.

संध्याकाळी तिचा फोन आला. "रागावलीस? अगं, जाऊबाई जुन्या वळणाच्या. उगाच तमाशा नको म्हणून..."

"लहानपणी घरी काय सांगायचीस?"

ती म्हणाली, "शाळेत उशीर झाला म्हणून. घरी गेल्यावर परत जेवायची मी."

मी फोन ठेवला आणि मला एकदम आठवलं. ती निघाली की आई तिच्या हातावर बडीशेप ठेवायची. "चावून खा, मग घरी जा." मला वाटायचं, पाहुणीचा लाड. आता कळलं, लसणाचा वास तिच्या घरी पोचू नये म्हणून ती बडीशेप होती. आईला सगळं ठाऊक होतं. तरी ती दर शनिवारी विचारायची, खोटं उत्तर ऐकून घ्यायची आणि वाढायची. माझ्यासमोर कधी एक शब्द बोलली नाही. ते सगळं तिनं एकटीनं गिळलं, याचा मला मैत्रिणीच्या खोट्यापेक्षाही जास्त राग आला.

आठवड्यानं पुन्हा फोन. जाऊबाई परत गेल्या होत्या. "आता गावाकडचं कुणी नाही घरात. परत आणशील थोडी?"

"कुणी नसताना आणू?" मी विचारलं.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. कृती पाठवते, सुनेला करायला सांग."

तिच्या सुनेला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून मी मोबाइलवर बोलूनच पाठवलं: पाला उकडून पिळ, कण्या धुऊन घे, तेल सढळ टाक. काही लपवलं नाही. दोन दिवसांनी मैत्रिणीचा निरोप आला, तशी झाली नाही. मी उत्तर दिलं नाही.

आता तिची तब्येत बरी आहे. सणावाराला फोन येतो, आम्ही मुलांबद्दल बोलतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. घरी ये, असं तीही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही.