पंधरावा कागद

रुक्मिणी गेल्या चैत्रात गेली. मिठबावच्या तिच्या वाडीत अजूनही सोमवारी दुपारी बायका नकळत तिच्या मागल्या दाराकडे बघतात.

सोमवारी ती मशेरी भाजायची. तव्यावर तंबाखू काळा पडेपर्यंत परतायची, हाताने चुरायची, आणि वासावर आलेल्या बायकांच्या डब्या भरायची. त्याला कुणी तंबाखू म्हणत नसे. दात घासायची वस्तू ती. नवरा लवकर गेला, मूल झाले नाही, आंब्याच्या पेट्या भरून कंबर गेली. पण चूल चुकली नाही.

पुतणी संचिता कुडाळला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजने काम दिले: आपल्या गावातल्या मशेरी लावणाऱ्या पंधरा बायकांची तोंडे तपासायची, प्रत्येकीचा एक कागद भरायचा.

"तुझ्यासाठी कोण येतली? माझ्या तव्यासाठी येतली," रुक्मिणी म्हणाली, आणि सोमवार नसताना चूल पेटवली.

बायका आल्या. रुक्मिणीने बॅटरी हातात घेतली.

"रसिका, तोंड उघड गो. भांडताना बरा उघडता!"

शेजारीण रसिका हसली, तोंड आपोआप उघडले. संचिता कागदावरचा एकेक प्रश्न बघत गेली. गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा डाग आहे का. लाल चट्टा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम. तोंड आखडले नाही ना, उभी तीन बोटे आत जातात का. चौदा बायका झाल्या.

"काकी, आता तू."

"माझा तोंड तू जल्मापासून बघतंस. लिव, बरा आसा म्हणान. एस.टी. चुकात तुझी."

संचिताने लिहिले. सगळ्या रकान्यांत 'नाही'. कागदांना चांगले गुण पडले.

रुक्मिणीच्या डाव्या गालाआड तेव्हाच काहीतरी होते. झोंबायचे. झोंबले की ती तिथेच मशेरी दाबून धरायची, मग जागा बधीर व्हायची. नऊ महिन्यांनी तोंडात भाकरीचा घास जाईना, नुसती पेज उरली, तेव्हा संचिता तिला गोव्याला घेऊन गेली.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारले.

रुक्मिणीने संचिताकडे पाहिले. "आत्ताच, डॉक्टर. दिवाळीनंतर लागलं."

डॉक्टरांनी मान हलवली. इतक्या थोड्या दिवसांत इतके होत नाही, म्हणाले. नुसता डाग असताना आला असतात तर थोडक्यात भागले असते.

परतीच्या गाडीत संचिताला राहवले नाही. "काकी, त्या कागदार मी..."

"गप रव. माका भिया वाटला, म्हणान बॅटरी मी धरलंय. धरणाऱ्याच्या तोंडात कोण बघता? तुझो कसलो दोष?"

संचिता खिडकीकडे तोंड करून बसली. तिला ते खरे वाटले नाही.

शस्त्रक्रियेत अर्धा जबडा गेला, शब्द गेले. माघातल्या एका सोमवारी मागल्या दारातून पुन्हा धूर आला. बायका डब्या घेऊन धावल्या. चुलीत माडाची सुकी चुडते जळत होती, तवा रिकामा होता. रुक्मिणीने तोंडावरचा पदर खाली घेतला.

बऱ्याचजणी कुंपणापासूनच मागे फिरल्या. रसिका मात्र चुलीपाशी खाली बसली आणि तोंड उघडले.

रुक्मिणीने बॅटरी उचलली. उजेड रसिकाच्या नाकावर, कपाळावर फिरू लागला. शेजारी बसलेल्या संचिताने काकीचे मनगट धरून तो स्थिर केला. डाग नव्हता. पण मागच्या वेळी तीन बोटे गेली होती. आज तिसरे जाईना.

"उद्या माझ्या वांगडा कुडाळाक डॉक्टराकडे चल," संचिता म्हणाली.

"उद्या खंय गो? काजीच्या बागेत पाचोळो काढूचो आसा. पुढच्या आठवड्यात बघूया."

रुक्मिणीने उलथने उचलून रिकाम्या तव्यावर हाणले. एकदा. मग पुन्हा.

"बरा बाय, येतंय उद्या," रसिका म्हणाली. हातातली डबी तिने उगाच उघडून पाहिली आणि चुलीच्या कडेला ठेवून दिली.