कुकरातले मूठभर तांदूळ

ऑनलाइन मागवलेल्या वस्तू परत घेण्याचं एक केंद्र लोणावळ्यात आहे. बी.कॉम. झाल्यावर मला तिथं नोकरी लागली. जवळच्याच औंढे गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे त्या खुर्चीबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी तक्रारच करणार आहे.

कंपनीनं मध्यंतरी नवी पद्धत आणली. खोकं नको, चिकटपट्टी नको, कागद नको. ग्राहकानं वस्तू तशीच आणायची, स्वतःच्या फोनवरून फोटो काढायचे आणि वस्तू नवी की वापरलेली, हे ॲप ठरवणार. नवी असली तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, वापरलेली असली तर भंगारात. चांगल्या वस्तू वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं आहे, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि मला ते मनापासून पटलं होतं. लोकांना मात्र पटवता पटवता घसा बसायचा. "शिक्का मारल्याबिगर वस्तू सोडनार न्हाई," असं म्हणून एक आबा पंखा मांडीवर घेऊन तासभर बसून राहिले होते.

एका सोमवारी कुरवंड्याच्या एक मावशी आल्या. गावाजवळचा नागफणीचा सुळका चढायला येणाऱ्यांना त्या घरी जेवण करून घालतात. त्यांनी दहा लिटरचा कुकर मागवला होता आणि आला होता पाच लिटरचा. शनिवारी कॉलेजची चाळीस मुलं जेवायला येणार होती. बदली त्याच दिवशी मंजूर झाली, तर मोठा कुकर गुरुवारपर्यंत हातात पडणार होता.

"मावशी, फोटो तुम्हीच काढा, मी सांगतो तसं," मी म्हणालो.

"मी? मला गॅसचा नंबर लावता येत न्हाई, आन् फोटू काढू व्हय?"

मागे रांगेत एक रिक्षावाला उभा होता. "मावशी, कुकरला म्हनावं, जरा हास."

"तू गप रं. तुज्या रिक्षात बसल्यावर कोन हासतंय?"

रांग हसली, मीही हसलो. मावशींनी झाकण काढून फोटो घेतले. "दाबू का हिरवं?" त्यांनी विचारलं. मी रांगेकडे बघत म्हणालो, "दाबा."

लगेच लाल अक्षरं आली : वस्तू वापरलेली आहे, बदली नामंजूर.

मी उठून कुकरात पाहिलं. तळाशी मूठभर इंद्रायणी तांदूळ होते.

"मावशी, हे कशाला घातलेत?"

"मंग? भांडं माघारी द्यायचं, ते रिकामं कसं द्यायचं?" त्यांनाच माझं नवल वाटलं. "तुमच्या कंपनीतल्या बाया काय म्हनतील?"

माझी आईसुद्धा शेजारणीचा डबा चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत देत नाही. पुण्यामुंबईत बसून ॲप बनवणाऱ्यांना हे माहीत नसेल. मला माहीत होतं.

तांदूळ कागदावर काढून मी पुन्हा फोटो घेऊ लागलो. ॲप घेईना, एका वस्तूची तपासणी एकदाच. साहेबांना फोन लावला.

"सर, कुकरला आचसुद्धा लागलेली नाही. बुडाचा कागद अजून तसाच आहे."

"सिस्टिमनं ठरवलंय. अपील टाक, आठवडा लागेल. तोवर वस्तू ग्राहकाकडेच."

"शनिवारी जेवणं आहेत, सर."

"मग मी काय करू?"

पूर्वी कागद होता तेव्हा त्यावर 'तपासले, वस्तू नवी' एवढं लिहून मी सही करायचो आणि काम व्हायचं. आता माझ्या डोळ्यांना दिसतं ते लिहायला जागाच नव्हती. मी अपील टाकलं. मावशींनी कुकर पुन्हा फडक्यात बांधला.

"तू मावळातलाच ना?" त्या म्हणाल्या. "मंग आधी आत बघायचं न्हाई का?"



त्याच संध्याकाळी मी मुख्य कचेरीला लिहिलं : फोटोआधी 'भांड्यात काही ठेवलं आहे का?' एवढा एकच प्रश्न मराठीत विचारा. उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. प्रश्न अजून आलेला नाही. आता प्रत्येक झाकण मी स्वतः उघडतो. परवा एका मिक्सरच्या भांड्यात सुपारी निघाली. एका ग्राहकामागे माझा वेळ जास्त जातो, म्हणून साहेब नाराज असतात.

मावशींचं अपील मंजूर झालं ते पुढच्या सोमवारी. मी उत्साहानं त्यांना फोन केला. "मावशी, झालं काम! कुकर तसाच नवा घेऊन या."

"तसाच कुटला? शनिवारी भात त्यातच लावला की."

"त्यातच?"

"मंग काय करू? चार खेपा लावल्या. पयला भात पार गार झाला, पोरं बोलली मला."

मी ॲप उघडलं. प्रकरण बंद करायला 'ग्राहकाने बदली नाकारली' याखेरीज दुसरा पर्याय नव्हता. तोच निवडला.