काळ्या मिठाचं ताक

आज दुपारी एकटीपुरतं ताक केलं. भाजलेलं जिरं आणि काळं मीठ खलबत्त्यात कुटलं, तसा तो उकडलेल्या अंड्यासारखा उग्र वास स्वयंपाकघरभर पसरला आणि मला कळसाडीतला, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला.

मी नाशिकची. सासरची अहिराणी कळत नसे, म्हणून दिवसभर गप्पच असायची. एका दुपारी धीर करून माहेरच्या पद्धतीचं मसाल्याचं ताक केलं आणि ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना दिलं. सासूबाईंनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"काय वास ई ऱ्हायना! ताक नासी गयं का?"

सगळे हसले. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात माझी धाकटी नणंद, सुमन, हिनं आपला पेला एका दमात रिकामा केला.

"वहिनी, माले आखो दे," ती म्हणाली आणि दुसराही पेला प्यायली.

त्या दिवसापासून त्या घरात माझं कुणीतरी होतं. पुढे लग्न होऊन ती शहाद्याला गेली. माहेरी आली की मी आवर्जून तेच ताक करायची.

मागच्या वर्षी सुमन गेली. दहाव्याला मी तिच्या लेकीला तिची ही आवड सांगितली.

"मामी, मन्ही मायले काळा मिठना वास सहन व्हये नही. घरमा कधी आनू दिधं नही तिनी."

तीस वर्षं मी तिला आग्रह करकरून ते पाजलं होतं. आणि आता विचारायला ती नव्हती.