केळीवाल्याचा विळा

चुडामण पाटलांना तळोद्यात चुडामण आबा म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी केळी केली. आता शेत मुलाकडे आणि आबा रोज सकाळी कॉलनीमागच्या बागेत. बाग म्हणायची आपली. दोन वर्षांपूर्वी तिथे बाभळी आणि दगडच होते. मग शाळेतल्या रूपाली मॅडमनी आठ-दहा जण गोळा केले, खड्डे खणले, झाडं लावली, आणि ज्याने-त्याने आपापल्या कॅनने पाणी घालायचं ठरलं. आबांकडे दोन कामं आली. झाडांच्या बुडाशी टाकायला केळीची वाळलेली पानं आणायची, आणि सल्ला द्यायचा. पानं आठवड्यातून एकदा यायची. सल्ला रोज.

सल्ल्यासोबत गोष्ट फुकट. त्यांच्या शेतात एकदा एवढा घड आला होता की सुरतेच्या स्टेशनावर तो पाठीवर घेतलेल्या हमालाने विचारलं म्हणे, "शेठ, याचं तिकीट पूर्ण काढायचं की अर्धं?" ही गोष्ट बागेतल्या जुन्या प्रत्येकाने निदान सहा वेळा ऐकलेली. तरी आबा सांगायला लागले की लोक कॅन खाली ठेवायचे. आबा सांगायचेच तसं.

बागेच्या कोपऱ्यात फुलीबाईची अकरा मोहाची रोपं होती. फुलीबाई आश्रमशाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली. ही रोपं तिने डोंगरातल्या आपल्या गावाहून बिया आणून तेलाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवली होती. यंदाच्या उन्हाळ्यात अकराही रोपं शेंड्यापासून वाळली. नुसत्या काड्या उरल्या. मॅडम म्हणाल्या, काढून कडुनिंब लावू. फुलीबाई म्हणाली, "मूळ जितं शे." आणि ती रोज काड्यांना पाणी घालत राहिली. दीड महिना. येणारे-जाणारे हसायचे, त्यात आबाही होते.

शनिवारी आबा त्या कोपऱ्यात गवत काढत होते. सोबत नवनीत होता, नुकताच बँकेतून निवृत्त झालेला, त्यामुळे आबांना मिळालेला एकमेव नवा श्रोता. घडाची गोष्ट रंगात आली होती. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात आणि आईचं खातात, म्हणून ती तिरपा विळा मारून उडवायची. चाळीस वर्षांत हे काम आबांनी कधी बघून केलं नव्हतं. तोंड सुरतेत, हात बुडाशी. काडीच्या बुडाशी कोवळं काही हाताला लागलं की सप्प. उडवलेलं कुंपणापलीकडे. हमाल तिकीट विचारतो तिथे नवनीत खदखदून हसला आणि चहाला म्हणून निघून गेला.

मग आबांचं लक्ष बोटांकडे गेलं. बोटं चिकट, पांढरी. केळीचा चीक असा नसतो. हा दुधासारखा होता.

त्यांनी खाली पाहिलं. सात काड्यांच्या बुडाशी सात ताजे तिरपे काप, प्रत्येकावर दुधाचा थेंब. पलीकडच्या चार काड्यांना बोटभर तांबड्या पानांचे कोंब तसेच उभे. फुलीबाईचं मूळ खरंच जितं होतं. कुंपणापलीकडे शेजारच्या वस्तीतल्या बेबीबाईच्या शेळ्या सात कोंब चघळत होत्या.

आता एखाद्याने तिथेच ओरडून सांगितलं असतं. आबांनी विळा पिशवीत घातला आणि घरी गेले. जेवताना सुनेने विचारलं, "आबा, आज गोष्ट नाही?" आबा म्हणाले, डाळ खारट झाली. डाळ खारट नव्हती.

रविवारी सगळे जमले तेव्हा मॅडम संतापल्या होत्या. शेळ्यांच्या तोंडात मोहाची पानं कुणीतरी पाहिली होती. "उद्या शेळ्या कोंडवाड्यात घालायला लावते. किती वेळा सांगायचं? आबा, तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हीच सांगा. शेळीचंच काम ना?"

आबांनी मान हलवली. हो म्हटलं नाही, नुसती मान. ती हललेली मान त्यांना पुढे कित्येक दिवस स्वतःलाच दिसत राहिली.

फुलीबाई एकटी खाली बसली होती. तिने एका साफ तिरप्या कापावरून अंगठा फिरवला, शेणमातीचा गोळा त्यावर लिंपला. मग दुसरा. सातही झाल्यावर उठली, आबांच्या हातात आपला कॅन दिला आणि हळूच म्हणाली, "आबा, या सातसले आते तुम्हीच पानी घाला." तिने त्यांच्या विळ्याच्या पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच आबांना सहन झालं नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी बेबीबाई फाटकाशी उभी होती, पोटच्या पोरांसारख्या शेळ्या मागे घेऊन. "मॅडम, मन्ह्या शेळ्या कुंपण उडी मारतीस का? त्या दोन गाभण शेतस!"

"मग पानं कुठून आली?"

"मी फेकी," आबा म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "मी फेकी. शेळीसनी नही, मी कापात कोंब. केळीनी पिलं समजीसन. परवाच सांगाले पाहिजे व्हतं. काल मी मान हालाई, ती खोटी."

नवनीत पुटपुटला, "म्हणजे त्या हमालाच्या गोष्टीत..." मॅडम आबांकडे न बघता बेबीबाईला म्हणाल्या, "चुकलं माझं."

बेबीबाईने कमरेवर हात ठेवले. "मंग आते कोंडवाडामा कोन जाई? आबाले दावं बांधू का?"

सगळे हसले. आबांनाही हसायचं होतं, जमलं नाही. त्यांनी कॅन भरला आणि कोपऱ्याकडे गेले.

त्याला आता तीन आठवडे झाले. चार मोह वीतभर वाढलेत. सात काड्या अजून काड्याच आहेत. आबा विळा घरी ठेवून येतात आणि सातही बुडांना पाणी घालतात. येणारा-जाणारा हमखास थांबतो. "काय आबा, काडीले पानी?"

एरवी आबांची कुठलीही गोष्ट अर्ध्या तासाच्या आत संपत नाही. ही ते दोन वाक्यांत सांगतात. "याले कोंब व्हता. मी कापा." आणि कॅन पुढच्या काडीकडे नेतात.